औरंगजेबाची लेक, वेक्सफर्डचा चहा

डब्लिनहून येणारी आगगाडी आयर्लंडातल्या वेक्सफर्डचं स्टेशन सोडलं की पुढे चक्क बंदराच्या रस्त्याकडेने जाते. एका हाताला पाणी आणि होड्या, दुसऱ्या हाताला दुकानं, आणि मधून गाडी माणसाच्या चालीनं. 2022 च्या ऑक्टोबरात मी या गाडीत बसलो होतो. पिशवीत घरच्या चिवड्याचा डबा होता आणि खिशात एका ऑपेराचं तिकीट. ऑपेराचं नाव 'लाला-रूख', नायिका दिल्लीची राजकन्या. ज्या इंग्रजी काव्यावरून तो बेतला त्यात तिच्या वडिलांचं नाव स्वच्छ लिहिलंय : औरंगजेब.

सांगलीला दादाला फोनवर हे सांगितलं तर तो म्हणाला, "औरंग्याच्या पोरीचं लग्न बघायला तू पदरचे पैसे घालून चाललायस?" तेव्हा हसण्यावारी नेलं. पुढे 2025 मध्ये खुलताबादच्या कबरीवरून घरी रान पेटलं आणि आमच्या शाळूसोबत्यांच्या व्हॉट्सअ‍ॅपवर दिवसाला दोनशे निरोप पडायला लागले, तेव्हा मला ती संध्याकाळ पुन्हा आठवली. आणि आता गेल्या महिन्यापासून त्याच ग्रुपवर दुसरा वाद चाललाय. एका हौशी मंडळानं 'सौभद्र' दोन तासांत बसवलं, निम्म्याहून जास्त पदं गाळली, ऑर्गनच्या जागी कीबोर्ड आणला. अर्धे म्हणतात, हा खून आहे. अर्धे म्हणतात, निदान प्रयोग तरी झाला. मला बाहेरचा म्हणून मत विचारण्यात आलं. चौदा वर्षं आयर्लंडात राहतोय म्हणून माझं मत एक तर फार मोलाचं असतं, नाही तर अजिबात नसतं.

तर आधी ती लाला-रूख. टॉमस मूर हा आयरिश कवी. त्याचं हे काव्य 1817 मध्ये आलं आणि प्रकाशकानं त्यासाठी तीन हजार गिनी मोजल्या, त्या काळी ही रक्कम म्हणजे डोळे पांढरे व्हावेत अशी होती. हिंदुस्थान मूरनं कधी पाहिला नव्हता. सुरुवातच त्यानं औरंगजेबाच्या कारकिर्दीच्या अकराव्या वर्षी केलीय. हिशोब केला तर हे आग्र्याहून सुटकेनंतरचं आणि सिंहगड परत घेण्याच्या अलीकडचं साल निघतं. आपल्याला शाळेत त्या वर्षांत दुसरं काहीच घडत नव्हतं, आणि मूरच्या कागदावर त्याच बादशहाची 'ट्यूलिपच्या गालांची' मुलगी पालखीत बसून काश्मीरकडे निघालेली. औरंगजेबाच्या खऱ्या मुलींत या नावाची कोणी नाही. झेबुन्निसा होती, ती स्वतःच कवयित्री. झीनतुन्निसा होती, तिनं येसूबाई आणि लहानग्या शाहूराजांना कैदेत सांभाळल्याचं आपल्याकडे सांगतात. मूरला यातलं काही नको होतं. त्याला लांबचा, सजावटीचा बादशहा हवा होता.

फेलिसियां दाव्हिद या फ्रेंच संगीतकारानं यावरून 1862 मध्ये पॅरिसच्या ओपेरा-कोमिकसाठी दोन अंकी ऑपेरा केला. तोही हिंदुस्थानात आलेला नाही, इजिप्तपर्यंत पोचला होता एवढंच. गोष्ट साधी. राजकन्या समरकंदच्या राजाशी लग्न करायला निघालीय, वाटेत एका गरीब गवयावर तिचा जीव जडतो. राजाचा वकील बास्किर पहारा देता देता घामाघूम. शेवटी कळतं की गवई म्हणजेच राजा. ओळखीचं वाटतं ना? आपला अर्जुन संन्यासी होऊन सुभद्रेच्या घरी राहतो ते 1882 मध्ये किर्लोस्करांनी रंगभूमीवर आणलं. वीस वर्षांच्या अंतरानं पॅरिसला आणि पुण्याला प्रेक्षक एकाच गमतीवर टाळ्या वाजवत होते : आपल्याला माहीत आहे, तिला माहीत नाही. 'लाला-रूख'चे वर्षभरातच शंभराच्या आसपास प्रयोग झाले. मग विसाव्या शतकात तो असा गडप झाला की जुन्या तबकड्यांवर टेनरचं, म्हणजे उंच पट्टीच्या पुरुष गायकाचं, एखादं गाणं तेवढं उरलं.

वेक्सफर्डचा महोत्सव अशाच गडप झालेल्या ऑपेरांसाठी आहे. 1951 मध्ये टॉम वॉल्श नावाच्या तिथल्या डॉक्टरानं काही मित्रांना घेऊन तो सुरू केला. पहिला प्रयोग बाल्फ या आयरिश संगीतकाराचा, 'रोझ ऑफ कास्टील', तोही 1857 चा. बाल्फचं बालपण काही वर्षं याच गावात गेलं होतं, हे निमित्त. गाव किती, तर वीस-एकवीस हजार वस्तीचं. 'ला बोएम' आणि 'कार्मेन' जगभर चालतात, मग आपण कोणी करत नाही ते करू, असा यांचा हिशोब. दरवर्षी ऑक्टोबरच्या उत्तरार्धात. मराठी रंगभूमी दिन, 5 नोव्हेंबर, बहुतेक या महोत्सवाच्या शेवटच्या दिवसांच्या आसपास पडतो. त्या दिवशी माझ्या सांगलीत विष्णुदास भावे पदक दिलं जातं, 1843 च्या 'सीतास्वयंवरा'ची आठवण निघते, भाषणं होतात. 'सीतास्वयंवर' कसं दिसायचं हे मात्र माझ्या पिढीतल्या कुणी डोळ्यांनी पाहिलेलं नाही.

ऑपेरा हाऊस शोधताना मी दोनदा चुकलो. अरुंद हाय स्ट्रीटवर घरांची रांग आहे आणि ही वास्तू त्या रांगेच्या पाठीमागे लपलेली. 2008 मध्ये बांधलेली, साडेसातशेच्या वर खुर्च्या, आत भिंती, बाल्कन्या सगळं अक्रोडाच्या लाकडाचं. बसल्यावर सतारीच्या भोपळ्यात बसल्यासारखं वाटतं. दार उघडून देणाऱ्या आजी गावातल्याच, स्वयंसेवक. वीसेक वर्षं हेच काम करतेय म्हणाल्या. अशी शेकडो माणसं इथं फुकट राबतात. प्रयोगाआधी वाद्यवृंद आयरिश राष्ट्रगीत वाजवतो, सगळे उभे राहतात, मग पडदा. मला उगाच नांदी आठवली, आणि तिसऱ्या घंटेनंतरही खुर्ची शोधणारे आपले प्रेक्षक.

पडदा उघडला आणि समोर काश्मीर नव्हतंच. एक आयरिश टी-रूम होती. केक, किटल्या, टेबलं. दिग्दर्शिका ऑर्फा फेलन यांनी फ्रेंच गाणी जशीच्या तशी ठेवली होती, पण मधले संवाद काढून टाकून त्यांच्या जागी एक आयरिश निवेदक आणला होता. तो त्याच्या मिस्कील इंग्रजीत गोष्ट पुढे ढकलत होता. पहिली दहा मिनिटं मी रागावून बसलो होतो. पैसे मोजून आलो, आणि माझ्या देशाऐवजी केक? मग लक्षात आलं की दाव्हिदचं काश्मीरही केकच होतं, फक्त जुन्या भट्टीतला. खोट्या हिंदुस्थानाला खोटे हत्ती लावण्यापेक्षा त्याला गावच्या चहात बुडवलेलं बरं. लाला-रूख हे नाव आयरिश कानाला 'ओरूर्क' या तिथल्या आडनावाच्या जवळचं लागतं, हेही तिथं बसल्यावर कळतं. शिवाय मूरची आई वेक्सफर्डची, तिचं माहेर कॉर्नमार्केटात. म्हणजे ही राजकन्या एका अर्थी आजोळीच आली होती. 2013 मध्ये अमेरिकेत ऑपेरा लाफायेतनं हाच ऑपेरा केला तेव्हा त्यांनी कुचिपुडी नर्तिका घेतल्या होत्या. ते जास्त आदराचं. पण सतराव्या शतकातल्या मुघल राजकन्येला आंध्रचं नृत्य का, असं तिथं विचारलं असतं तर? अस्सलपणाच्या मागे लागलं की असे प्रश्न संपत नाहीत.

ग्रुपवरच्या वादात मला खटकतं ते इथंच. पदं गाळली म्हणून ओरडणारे आणि गाळा म्हणणारे, दोघांनीही अख्खं 'सौभद्र' शेवटचं कधी पाहिलं? मी विचारलं. सतरा जणांत तिघांनी पाहिलं होतं, तिघांनीही शाळकरी वयात. पदं मात्र सगळ्यांना पाठ. आपण नाट्यगीतांचे कार्यक्रम करतो : तीन तासांत वीस पदं, मध्ये निवेदिका, शेवटी शाल-श्रीफळ. गाणारे उत्तम असतात, मी स्वतः डब्लिनच्या मंडळाच्या गणपतीत असे दोन कार्यक्रम ठेवलेत. पण पद कोण कुणाला का म्हणतंय, तो रागावलाय की लाडात आलाय, हे ऐकणाऱ्याला ठाऊक नसतं. 'शाकुंतला'त दोनशेच्या वर पदं आहेत. आपल्या कार्यक्रमांतून फिरतात ती पाच-सहा, बाकीची पुस्तकात झोपलीत. दाव्हिदचं झालं तेच आपलंही झालंय, तबकडीवर गाणं राहिलं आणि नाटक गेलं.

वेक्सफर्डला मी अख्खं बघितलं. आणि सांगतो, दुसऱ्या अंकात मधला पाऊण हिस्सा कंटाळवाणा आहे. बास्किरचं विनोदी प्रकरण ताणलंय. पण हे मी आज स्वतःच्या अनुभवावर म्हणू शकतो. उतारा ऐकून थोर म्हणणं सोपं असतं.

एक गोष्ट मात्र ऑपेरात मुळातच नाही, आणि तिचं मला वाईट वाटलं. मूरच्या काव्यात चार कथा आहेत, त्यातली एक इराणातल्या अग्निपूजकांच्या बंडाची. वरून इराण, आतून आयर्लंड. मूरचा मित्र रॉबर्ट एमेट 1803 मध्ये इंग्रजांविरुद्धच्या बंडापायी फासावर गेला होता. 1798 चं बंड तर वेक्सफर्ड परगण्यातच सर्वांत जास्त पेटलं. राज्यकर्त्यांसमोर उघड बोलता येत नाही तेव्हा दूरचा देश पांघरायचा. आपल्या खाडिलकरांनी 1907 मध्ये कीचकाच्या सोंगात कर्झन उभा केला आणि सरकारनं 1910 मध्ये 'कीचकवधा'वर बंदी घातली, तीच ही युक्ती. पॅरिसकरांनी त्या कथा टाकून नुसती लग्नाची चौकट उचलली. कात्री लावायला माझी हरकत नाही, पण काय कापलं ते बघायला मूळ कपडा कुठेतरी टांगलेला हवा.

इथलं सगळं सोन्याचं आहे असं नाही. महोत्सवाला सरकारी कला परिषदेचा पैसा लागतो, तिकीट माझ्या आठवड्याच्या भाजी-किराण्याहून महाग होतं, आणि प्रेक्षागृहात काळे सूट नि पांढरे केस इतके, की मध्यंतरात मला कोणीतरी रिकामा पेला दिला. वेटर समजून. मी तो घेऊन ठेवलाही. घरी गेल्यावर राग आला. दादा म्हणतो तशी ही हौस श्रीमंतांचीच आहे, यावर माझ्याकडे पूर्ण उत्तर नाही.

अर्धं उत्तर बायकोच्या माहेरी आहे. ती फोंड्याजवळच्या गावची. तिथं देवळाच्या उत्सवात दरवर्षी गावकरी संगीत नाटक करतात, अख्खं. रात्री साडेदहाला सुरू झालं की पहाट होते. पोस्टमन कृष्ण असतो, शाळेतल्या बाई साथीला. सूर अधूनमधून सुटतो, प्रॉम्प्टर प्रेक्षकांनाही ऐकू येतो, आणि तरी समोर चटईवर तीन पिढ्या बसलेल्या. रंगभूमी वाचवण्याचा ठराव तिथं कोणी करत नाही. तारीख ठरलेली असते, पट्टी काढलेली असते, मंडप घालायचा असतो. वेक्सफर्डच्या दारातल्या आजींना मी हे सांगितलं तेव्हा त्यांनी विचारलं, "रात्रभर? आणि चहा?" म्हटलं, दर अंकाला.

परवा मामांचा फोन आला. यंदा 'सौभद्र'च ठरलंय, कुठलंही पद गाळणार नाहीत, पण पडदा ओढणारा पोरगा दुबईला गेला. "तुम्ही येता काय, जावईबापू? गाण्याचं काम देणार नाही, भिऊ नका." मी लगेच हो म्हटलं. आता ऑफिसात रजेचा अर्ज अडकलाय. मॅनेजर तारीख विचारतोय, आणि मामा म्हणतात माघ शुद्ध दशमी.