खड्ड्यांचा दोष आहेच, पण तो प्रत्येक तक्रारीत नाही

नमस्कार. महागड्या एसयूव्हींच्या स्टिअरिंग आणि ॲक्सलच्या (चाक फिरवणाऱ्या दांड्याच्या) प्रत्येक तक्रारीचे खापर खड्ड्यांवर फोडू नये, असे मी लिहिले, त्यावर आपण नेरूळहून सविस्तर आक्षेप नोंदवलात, त्याबद्दल आभार. आपले म्हणणे असे की, २० इंची रिम आणि बुटके टायर घेऊन घोडबंदर रस्त्यावरून फिरणाऱ्यांनी कंपनीला बोल लावू नये. खरोखर दोष असता तर कंपनीने गाड्या परत मागवल्या असत्या. आणि आपली त्याच वर्गातली गाडी ४० हजार किलोमीटर विनातक्रार चालली आहे.

पहिल्या मुद्द्यात तथ्य आहे आणि माझ्या लेखात ते पुरेसे आले नव्हते, हे मी मान्य करतो. टायरची भिंत जितकी बुटकी, तितका खड्ड्याचा मार रिम आणि चाकाला गाडीशी व स्टिअरिंगशी जोडणारे लोअर आर्म, बॉल जॉइंट आणि टाय रॉड यांच्यापर्यंत थेट पोहोचतो. गायमुखच्या चढावर एक पावसाळा काढला की अलाइनमेंट, म्हणजे चाकांच्या कोनांची जुळणी, बिघडते, सरळ रस्त्यावरही स्टिअरिंग तिरके राहते आणि गाडी एका बाजूला ओढू लागते, हे आम्हा ठाणेकरांना नवीन नाही. ॲक्सलचा रबरी बूट फाटला तर आतले ग्रीस उडून रिमच्या आतल्या अंगाला काळे शिंतोडे दिसतात, सांध्यात माती-पाणी शिरते आणि पुढे पूर्ण वळणावर ‘टक टक’ असा आवाज येऊ लागतो. अशा गाडीच्या मालकाला कोणी रस्त्याचे कारण सांगितले, तर मी हरकत घेणार नाही.

परंतु माझा भर ज्या तक्रारीवर होता, तिचा खड्ड्यांशी संबंध नाही. माझ्या थोरल्या बहिणीच्या यजमानांच्या गाडीत मी ती स्वतः पाहिली आहे. कोलशेत रस्त्यावरच्या त्यांच्या सोसायटीच्या तळघरात, जानेवारीतल्या एका सकाळी, स्टिअरिंग पूर्ण उजवीकडे वळवून त्यांनी गाडी माणसाच्या चालीने पार्किंगमधून बाहेर काढली, तेव्हा पुढचे चाक धक्के देत आडवे सरकत होते. मी खाली वाकून पाहिले, तर गुळगुळीत फरशीवर टायरचे काळे ठसे सलग न उमटता तुटक तुटक उमटले होते आणि प्रत्येक ठशागणिक आत बसलेल्यांना हिसका जाणवत होता. वर्कशॉपमध्ये गाडी लिफ्टवर चढवली, तेव्हा बॉल जॉइंट घट्ट, बूट शाबूत आणि अलाइनमेंटचे आकडे मर्यादेत निघाले. तरीही जॉबकार्डवर, म्हणजे वर्कशॉपच्या तक्रार-दुरुस्तीच्या नोंदपत्रावर, शेरा पडला तो ‘खराब रस्त्यांमुळे’. जे तपासणीत सापडलेच नाही, ते कारण म्हणून लिहिले गेले, याची मला आजही चीड आहे.

वळताना आतल्या चाकाचे वर्तुळ लहान असते, म्हणून ते बाहेरच्या चाकापेक्षा अधिक कोनात वळावे लागते. या रचनेला ॲकरमन भूमिती म्हणतात. पूर्ण वळणावर हा मेळ बसला नाही, तर टायर आडवा घासला जातो, रबर ताणले जाते आणि ताण सुटला की चाक उडी मारते. टायर रुंद आणि हवा थंड असेल, तर हे अधिक जाणवते. मर्सिडीजच्या जीएलसी या एसयूव्हीबाबत ब्रिटन आणि ऑस्ट्रेलियातल्या मालकांनी नेमकी हीच तक्रार केली, आणि तिथे स्टिअरिंग आपल्यासारखेच उजवीकडे असते. कंपनीने असे घडते हे नाकारले नाही. हा सुरक्षिततेचा नव्हे, तर आरामाचा प्रश्न आहे, अशी भूमिका घेतली.

आपल्या दुसऱ्या मुद्द्याचे उत्तर याच भूमिकेत आहे. आपल्याकडे २०१९ च्या मोटार वाहन दुरुस्ती कायद्यातील कलम ११०-अ नुसार सरकार सदोष गाड्या परत मागवण्याचा आदेश देऊ शकते, पण त्याचा रोख पर्यावरणाला, चालकाला किंवा रस्त्यावरच्या इतरांना हानी पोहोचवू शकणाऱ्या दोषांवर आहे. म्हणून गाड्या परत मागवल्या नाहीत, एवढ्यावरून तक्रार खोटी ठरत नाही. अशा ग्राहकाला उरतो तो ग्राहक आयोग: मोजलेली किंमत ५० लाखांपर्यंत असेल तर जिल्हा आयोग, त्यापुढे २ कोटींपर्यंत राज्य आयोग, आणि मुदत सर्वसाधारणपणे दोन वर्षांची. तिथे ते जॉबकार्डच पुरावा म्हणून पुढे येते. यासाठीच, तक्रार आपल्या शब्दांत, म्हणजे किती वेगाला, कोणत्या बाजूला वळताना आणि कशा जमिनीवर, हे लिहून घेतल्याखेरीज त्यावर सही करू नये, असा माझा आग्रह होता आणि आहे.

आपल्या गाडीचा अनुभव मी खोटा मानत नाही. टायरची जात बदलली तरी फरक पडतो. एकदा पहाटे, पाम बीच रस्त्यावर नव्हे, तर आपल्या इमारतीच्या पार्किंगमध्ये, स्टिअरिंग दोन्ही बाजूंना पूर्ण वळवून गाडी हळू फिरवून पाहावी आणि जे आढळेल ते टायरच्या मापासह इथे कळवावे. हिसका जाणवला नाही, तरी ती नोंद मी मूळ लेखात जोडीन.