हळू चालण्याचे धाडस

जलरंगात निसर्गचित्रे काढण्याचा माझा छंद गेली वीस वर्षे कोणाच्या अध्यात ना मध्यात, असा चालला होता. निसर्ग मी प्रामुख्याने जुन्या दिनदर्शिकांवरून घेत असे, कारण तेथील झाडे हलत नाहीत, ढग जागा सोडत नाहीत आणि बाराही महिने डास चावत नाहीत. यंदा मात्र आम्हा हौशी चित्रकारांचे समूह प्रदर्शन ठरले, उत्साहाच्या भरात मी तीन चित्रे कबूल केली आणि आषाढ संपत आला तरी हाती एकच चित्र होते. तेही उलटे टांगले तरी काही बिघडणार नाही, असा घरातील अभिप्राय होता.

ही अडचण मी एका मित्राजवळ बोललो आणि तेथेच चुकलो. तो नुकताच ‘सजग भ्रमंती’च्या दोन दिवसांच्या शिबिराहून परतला होता आणि अशा माणसाजवळ अडचण सांगणे म्हणजे नव्या विमा एजंटाजवळ भविष्याची काळजी बोलून दाखवण्यासारखेच असते. “अरे, तू निसर्ग काढतोस, पण त्याला भेटतोस कधी?” असे विचारून त्याने माझ्या हाती नियमांचा कागद ठेवला. मोबाइल घरी ठेवावा; एका श्वासाला दोनच पावले टाकावीत; वाटेत पाच गोष्टी पाहाव्यात, चारांना स्पर्श करावा, तीन ऐकाव्यात, दोहोंचा वास घ्यावा आणि एकीची चव घ्यावी; कशाचीही अपेक्षा धरू नये. शेवटच्या नियमाचा सराव मला आजवरच्या प्रदर्शनांमुळे होताच.

कागदाच्या मागे थोरांचे दाखले होते. बीथोव्हेन खिशात वही घेऊन व्हिएन्नाच्या परिसरात रोज मैलोन्‌मैल चालत असे आणि सुचेल ते तेथल्या तेथे टिपत असे. जपानच्या वनखात्याने तर १९८२ मध्ये अरण्यात नुसते वावरण्याला ‘शिनरिन-योकू’, म्हणजे वनस्नान, असे नाव देऊन त्याचा सरकारी पुरस्कारच केला. इतक्या लांब जाण्याचीही गरज नाही; आपले तुकोबा एकांतासाठी देहूजवळच्या भंडारा डोंगरावर जाऊन बसत. मला जवळ पडते ती पुण्यातील वेताळ टेकडी. समुद्रसपाटीपासून सुमारे ८०० मीटर उंच, बसाल्टचा काळा कातळ, पाणी साठलेली जुनी दगडखाण आणि पावसाळ्यात ऐकू येणारा मोरांचा केका, एवढी सामग्री तीन चित्रांना पुरावी, असा हिशेब करून मी सकाळी साडेसहाला टेकडीच्या पायथ्याशी सजग झालो.

टेकडीवर हळू चालण्यास कायद्याने बंदी नाही. पण तेथे पहाटेपासून जो समाज वावरतो, त्याच्या दृष्टीने हळू चालणारा मनुष्य एक तर आजारी असतो, नाही तर काही तरी शोधत असतो. एका श्वासाला दोन पावले या गतीने, नजर मुरुमाच्या वाटेवर ठेवून मी जेमतेम शंभर फूट गेलो असेन, तोच मागून प्रश्न आला, “काय हो, काही हरवलंय का?” मी नाही म्हणालो, तेव्हा त्या ज्येष्ठ गृहस्थांच्या चेहऱ्यावर, अडचण लपवणाऱ्या भिडस्त माणसाविषयी वाटते तशी कणव उमटली आणि तेही खाली पाहत माझ्या बाजूने चालू लागले. दोन माणसे खाली पाहत चालताना दिसल्यावर तिसरा थांबणारच. “किल्ली का?” त्याने विचारले. “बहुतेक,” माझ्या वतीने ज्येष्ठ उत्तरले. पाचव्या माणसाने टाकळ्याच्या रोपट्यांत छत्रीची दांडी फिरवून दहा रुपयांचे एक नाणे काढले आणि ते माझेच असल्याचा निर्वाळा सर्वानुमते दिला गेला. नाणे नाकारण्याचे दोन प्रयत्न मी केले. परंतु पहाटेच्या शांततेत चार उपकारकर्त्यांशी वाद घालणे सजगतेत बसेना, म्हणून ते खिशात टाकले. बीथोव्हेनच्या बहिरेपणाचा मला त्या सकाळी प्रथमच किंचित हेवा वाटला.

सुटका झाल्यावर खाणीच्या अलीकडे एका कातळावर मी डोळे मिटून बसलो. कोठे तरी पावशा ओरडत होता, गवतातून वारा सळसळत होता आणि पाण्यावर पडलेल्या ढगाळ उजेडाचा तो करडा रंग पुसट होण्याआधी मनात साठवावा, इतक्यात कोणी तरी माझी नाडी धरली. डोळे उघडले तर रेनकोट घातलेल्या एक काकू होत्या. “शुगर आहे का हो तुम्हाला?” मी उत्तरासाठी उघडलेले तोंड बंद होण्यापूर्वी त्यांनी त्यात लिमलेटची गोळी सरकवली, कपाळाला बाम चोळला आणि आपला ओला कुत्रा माझ्या पायांवर बसवून नवऱ्याला हाका मारायला त्या निघून गेल्या. नियमांच्या दृष्टीने पाहता काम चोख झाले होते: वास दोन, बाम आणि कुत्रा, चव एक, लिमलेट. स्पर्शांचे खाते मात्र अपुरे होते, म्हणून कुत्र्याची समजूत घालून मी उतरणीवरच्या एका सडसडीत झाडाजवळ गेलो आणि आजूबाजूला कोणी नाही असे पाहून त्याच्या खोडाला मिठी मारली. चित्रकार आणि वृक्ष यांच्यातील द्वैत मावळू लागले होते, एवढ्यात पलीकडून आवाज आला, “उंदीरमारी आहे ती.” बोलणारे गृहस्थ वनस्पतींचे जाणकार होते. हे झाड, म्हणजे गिरिपुष्प, मूळचे मेक्सिको आणि मध्य अमेरिकेतले, भराभर वाढते म्हणून आपल्या टेकड्यांवर लावले गेले, त्याचे शास्त्रीय नावही उंदीर मारण्यावरूनच पडले आहे आणि मिठीच मारायची असेल तर वर सालई किंवा मोई पाहावी, अशी सविस्तर माहिती त्यांनी मी मिठीत असतानाच दिली. परक्या मुलुखातील विषारी झाडाला बिलगून स्वदेशी वृक्षांची यादी ऐकण्याचा प्रसंग तुकोबांवर आल्याचे निदान माझ्या तरी वाचनात नाही.

घरी पोहोचल्यावर सौभाग्यवतींनी कपाळावरचा बाम हुंगला आणि काय सुचले, अशी विचारणा केली. मी दहाचे नाणे टेबलावर ठेवले. बचाव म्हणून मित्राने कागदाला जोडलेले एक कात्रणही दाखवले: स्टॅनफर्ड विद्यापीठातील दोन संशोधकांनी २०१४ मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगांनुसार, बसून विचार करणाऱ्यांपेक्षा चालणाऱ्यांना नव्या कल्पना सरासरी ६० टक्क्यांनी अधिक सुचल्या. आमच्या घरात कात्रणे शेवटपर्यंत वाचण्याची शिस्त एकाच व्यक्तीला आहे. “अहो, पुढचं वाचलंत का? खोलीत, कोऱ्या भिंतीकडे तोंड करून यंत्रावर चालणाऱ्यांनाही तसाच फायदा झाला म्हणे. मग टेकडी कशाला? पॅसेज आहे की आपला.”

पॅसेज नऊ पावलांचा आहे आणि त्याच्या शेवटी भिंत आहे. तेथे मला कोणी काही हरवले का, असे विचारत नाही, कारण ते रोजच हरवलेले असते. तिसऱ्या दिवशी लक्षात आले की भिंत कोरी नाही. वरच्या मजल्यावरच्या न्हाणीघरातून झिरपणाऱ्या पाण्याने तिच्यावर ओल धरली होती आणि त्या ओलीत खाणीच्या पाण्यावरचा तोच करडा उजेड, कातळाची कड आणि डावीकडे बिलगण्याजोगे एक झाड होते. डागाळलेल्या भिंतींकडे पाहत जा, त्यांत डोंगर, नद्या नि लढाया दिसतील, असा सल्ला लिओनार्दो दा विंचीने चित्रकारांना देऊन ठेवला आहे. फक्त त्या भिंतींबद्दल वरच्या मजल्याशी भांडावे की नाही, याचा खुलासा त्यात नाही. मी कागद भिजवून चार दिवस भिंतीसमोर बसलो, ओल्यावर ओला रंग सोडला आणि दुसरे चित्र झाले.

ते वाळत असतानाच सौभाग्यवतींनी बोलावलेला रंगारी आला. त्याने माझ्या खाणीवर बोटाने टकटक केली, झाडाचा पोपडा नखाने उडवला आणि मान हलवली. “साहेब, आधी ओल मरू द्या. ओल्यावर रंग धरत नाही.” वीस वर्षांच्या अनुभवावरून त्याच्याशी वाद घालता आला असता, पण मी त्याला गंभीरपणे दुजोरा दिला आणि दिवाळीनंतर यायला सांगितले. तिसऱ्या चित्रासाठी सध्या मी स्वयंपाकघराच्या छताकडे, कशाचीही अपेक्षा न धरता, अधूनमधून पाहत असतो.