‘जाळ पेटवून कुणाचा आत्मा वाचला?’ : एका प्रतिक्रियेला उत्तर

सलाम बंधू,

सुवार्तिकांच्या, म्हणजे ख्रिस्ती धर्मप्रचारकांच्या, रानातल्या प्रशिक्षणावर मी लिहिलं, त्याखाली तुम्ही लिहिलंत, ‘पावसात जाळ पेटवायला शिकून कुणाचा आत्मा वाचला? ही मिशनच्या नावाखाली सहल.’ पुढे ‘पोरखेळ’ही म्हणालात. मतभेद असू देत, पण मंडळीतल्या माणसाने मंडळीतल्या माणसाशी असं बोलायचं नसतं. बेळगाव जिल्ह्यातल्या खानापूरच्या पश्चिम भागात माझी हयात गेली. कणकुंबी-आमगावचा पाऊस मला कुणी पंख्याखाली बसून शिकवू नये.

जाळाचंच बोलू. जुलैत तिथे भुईवर पडलेलं लाकूड पेटत नाही. उभं वाळलेलं, मनगटाएवढं लाकूड घ्यायचं आणि कोयत्याने चार फाका करायच्या. ओल साल आणि वरच्या थरात असते, गाभा कोरडा निघतो. त्याच्या पातळ ढलप्या काढायच्या. मग काडीएवढ्या, पेन्सिलीएवढ्या, अंगठ्याएवढ्या चिरफळ्यांचे वेगळे ढीग लावायचे, तेही काडी ओढण्याआधी. खाली काठ्या आडव्या अंथरायच्या, नाहीतर ओली भुई ऊब ओढून घेते. सायकलच्या ट्यूबची बोटभर पट्टी भिजली तरी पुसून पेटते. नवखे हमखास चुकतात ते पुढे. ज्वाला दिसली की जाड ओंडका टाकतात. सगळी आच त्याची ओल वाळवण्यात जाते आणि नुसता धूर उरतो.

हे सगळं कशासाठी? पाण्यासाठी. ओढ्याचं गढूळ पाणी जुन्या सुती साडीच्या चार पदरांतून गाळायचं, मग खळखळून उकळी आल्यावर निदान एक मिनिट तसंच उकळत ठेवायचं. आफ्रिकेतले मिशनरी लिव्हिंगस्टन सिंहाच्या जबड्यातून वाचले, पण 1873 साली मलेरिया आणि आवेने गेले. तुमचा सुवार्तिक जुलाबाने आडवा पडला, तर त्याला डोलीत घालून डांबरी रस्त्यापर्यंत कोण आणणार? भाताची लावणी अर्धी टाकून आलेली वाडीतली माणसंच ना? सेवेला गेलेल्याने गावावर ओझं होऊ नये, एवढंच माझं म्हणणं आहे. बायबलमधलं प्रेषितांची कृत्ये, अध्याय 28 काढून बघा. मिलिता बेटावर पाऊस आणि गारठा होता, तेव्हा पौलाने स्वतः काटक्या गोळा करून शेकोटीवर घातल्या. त्यालाही पोरखेळ म्हणणार?

खानापूरकडच्या भीमगड अभयारण्यात असा जाळ करू नये, हे तुमचं बरोबर आहे. परवानगीशिवाय आत जाताही येत नाही. म्हणून सराव मालकीच्या शेतातच करायचा असतो.

खर्च, फोटो, टोप्या, या तुमच्या बाकीच्या टोमण्यांवर मी शब्द वाया घालवणार नाही. ‘पूर्वीचे मिशनरी कुठे शिकले होते’ म्हणता, तर मेक्सिकोतल्या चियापासमध्ये बायबल भाषांतरकारांसाठी 1945 सालीच जंगल कॅम्प सुरू झाला होता.

माझ्या लेखातला गोचिडीवरचा भाग मात्र तुम्ही वाचलेलाच दिसत नाही. डिसेंबर ते मे हे गोचिडीमुळे पसरणाऱ्या माकडतापाचे दिवस. पँटचे पाय मोज्यांत खोचायचे, वाळल्या पाल्यावर बसायचं नाही, मेलेलं माकड दिसलं तर हात न लावता वनखात्याला कळवायचं. तेवढं आधी वाचा, मग पुढची प्रतिक्रिया लिहा.