‘सी८३.१’ हा कॅन्सरचा कोड फाइलवरून काढून घेऊ नका

निपाणी, खानापूर, बेळगावकडच्या व्हॉट्सॲप ग्रुपांवर लिम्फोमाबद्दल, म्हणजे लसिका-पेशींच्या कॅन्सरबद्दल, एक मजकूर फिरतोय: “लिम्फोमा रिमिशनमध्ये गेला म्हणजे पेशंट बरा झाला. तरी फाइलवर कॅन्सरचा कोड असेल तर ती हॉस्पिटलची चूक. ‘पूर्वी आजार होता’ असा कोड घालून घ्या, नाहीतर विमा मिळणार नाही.” मी मेडिकल रेकॉर्डचं काम करते. हा मजकूर घेऊन लोक खिडकीशी येतात, तेव्हा पोटात गोळा येतो.

रिमिशन म्हणजे तपासण्यांत आजार दिसत नाही, एवढंच. उदाहरणार्थ, मँटल सेल हा लिम्फोमाचा दुर्मीळ प्रकार; तो वर्षांनंतरही उलटू शकतो. स्टेम सेल ट्रान्सप्लांटनंतर दर दोन महिन्यांनी, तीन वर्षं रिटुक्सिमॅब हे औषध देतात ते याचसाठी.

कोड चुकीचा? आयसीडी-१० या आजारांच्या आंतरराष्ट्रीय कोड-यादीत मँटल सेलला सी८३.१ आहे, रिमिशनसाठी वेगळा आकडा नाही. अमेरिकेच्या आवृत्तीत १ ऑक्टोबर २०२४ पासून रिमिशनचा कोड आला, पण तोही सी८३.१ए, म्हणजे कॅन्सरच्याच मालिकेत.

मजकुरातलं विम्याबद्दलचं म्हणणं तर सरळ नुकसान करणारं आहे. त्यातला ‘पूर्वी आजार होता’वाला कोड म्हणजे झेड८५.७. तोसुद्धा रक्ताच्या किंवा लसिकेच्या कॅन्सरचा इतिहासच सांगतो, त्यामुळे लपत काहीच नाही. उलट, निदान ‘पूर्वीचं’ आणि बिल रिटुक्सिमॅबचं, असा कागद पुढे गेला की ‘आजार नाही तर औषध कशाला?’ असं विचारून क्लेम अडकतो. आणि विमा घेतानाच्या प्रपोजल फॉर्मवर आजार लपवला तर नंतर सगळंच अंगाशी येतं. आधीपासूनच्या आजाराला विमा लागू होईपर्यंत थांबण्याची मुदत १ एप्रिल २०२४ पासून जास्तीत जास्त ३६ महिने आहे. खरं लिहून ती मुदत काढलेली बरी.

आपल्या भागात निदान बेळगावात, किमो मिरजेत किंवा कोल्हापुरात, दुसरं मत मुंबईत, असं सर्रास होतं. कागद कुठे कन्नड, कुठे मराठी, कुठे इंग्रजी. कोड मात्र सगळीकडे सारखाच वाचला जातो. तोच बदलून घेतलात तर पुढच्या डॉक्टरला चुकीची गोष्ट कळेल.

एक चूक मात्र खरोखर होते. बायोप्सीत स्पष्ट ‘मँटल सेल’ असूनही डिस्चार्ज समरीवर नुसतं ‘लिम्फोमा’ लिहिलं जातं आणि कोड पडतो सी८५.९, म्हणजे प्रकार न सांगितलेला लिम्फोमा. ती जरूर दुरुस्त करून घ्या. सायक्लिन डी१ (मँटल सेल ओळखायची खूण) चा निकाल असलेला बायोप्सी रिपोर्ट घेऊन आधी डॉक्टरांना भेटा. त्यांनी समरी सुधारून सही केली की कोड आम्ही बदलतो.