आधी हद्द बघा, मग रक्त

नागपुरात राहायचं तर दोन गोष्टी यायलाच पाहिजेत. उन्हाळ्यात तोंडाला दुपट्टा बांधता आला पाहिजे आणि डोळ्यांदेखत चाकू चालला की जबाबदारी दुसऱ्याच्या गळ्यात टाकता आली पाहिजे. पहिली विद्या घरीच मिळते. दुसरी कोणी शिकवत नाही, त्यामुळे साध्याभोळ्या माणसाची फजिती होते. माझी झाली. याच शहरात जन्मलो, पन्नाशी ओलांडली, वीस वर्षांपासून रिंग रोडच्या आतल्या बाजूला झेरॉक्सचं दुकान चालवतो, तरी अक्कल आलेली नव्हती. तुमच्यावर ती पाळी येऊ नये म्हणून हा लेख.

पोळ्याच्या चार दिवस आधीची गोष्ट. रात्रीचे सव्वादहा. माझं शटर अर्धं खाली. समोरच्या पानठेल्यावर नेहमीची दहा-बारा डोकी, पन्नीत खर्रा घोटणं चालू. एकानं दुसऱ्याला विचारलं, "काहून पाहून राहिला बे?" दुसरा म्हणाला, "तुले काय करायचं हाय?" वादाचा विषय एवढाच. पहिल्यानं खिशातून चाकू काढून त्याच्या मांडीत घातला आणि गाडीला किक मारून निघून गेला. पोरगं एकोणीस वर्षांचं, औषधाच्या दुकानात कामाला. लंगडत माझ्या पायरीवर येऊन बसलं. पॅन्ट गुडघ्यापर्यंत काळी झालेली आणि मला म्हणतं काय, "काका, मोबाइल तिकडेच पडला का पाहा न." हप्ते चालू होते त्याचे.

आता इथे मी चूक केली. गळ्यातला दुपट्टा काढून त्याच्या मांडीला आवळला, ऑटो थांबवला आणि त्याला सरकारी दवाखान्यात नेलं. तुम्ही असं काही करू नका. तुम्ही आधी पोलीस ठाण्याची हद्द बघा.

हद्द म्हणजे काय, हे नागपूरकराला सांगायला नको, पण ती मोजायची कशी ते सांगतो. आमच्या चौकात दुभाजकाच्या अलीकडे एक ठाणं, पलीकडे दुसरं आणि नाल्याच्या त्या अंगाला तिसरं. चाकू लागला तो ठेल्याजवळ, म्हणजे पलीकडे. रक्त सांडलं माझ्या पायरीवर, म्हणजे अलीकडे. मारणारा पळाला नाल्याकडे. पहिल्या ठाण्यातल्या ड्युटी अंमलदारांनी माझं सगळं शांतपणे ऐकलं, चहाही विचारला. मग म्हणाले, "काका, ठेला आमच्यात येतच नाही न. तिकडे जा." तिकडचे म्हणाले, "पोरगा तर तुमच्या पायरीवर सापडला न? मग इकडे कायले आले?" मी म्हटलं, साहेब, तो पायरीवर उगवला नाही, चालत आला. ते म्हणाले, "हाव, पण कुठून आला ते तुम्ही पाहिलं का?" पाहिलं. "मग तुम्ही ठेल्यावर होते का?" दुकानात होतो. "मग दुकान कोणाच्या हद्दीत आहे?" पहिल्या ठाण्याच्या. "मग जा न बावा तिकडे!" रात्री साडेबारा वाजता माझ्या शर्टावर दुसऱ्याच्या पोराचं रक्त वाळलेलं आणि मी भूगोलाच्या तोंडी परीक्षेला बसलेलो. नकाशात त्या दुभाजकाखाली नक्की कोण येतं, हे आजही मला ठाऊक नाही. बहुतेक तिथे फक्त कुत्री आणि मेलेली माणसं येत असावीत.

कायदा वगैरे काढायच्या भानगडीत पडू नका. मी काढला. दिवसभर लोकांचे अर्जच टाइप करतो, दोन कलमं आपल्यालाही माहीत असतात. 1 जुलै 2024 पासून भारतीय नागरिक सुरक्षा संहिता लागू आहे. तिच्या कलम 173 मध्ये स्पष्ट लिहिलं आहे की गुन्हा कोणत्याही हद्दीत घडलेला असो, खबर कोणत्याही ठाण्यानं घ्यायची. झिरो एफआयआर. दखलपात्र गुन्ह्याची खबर आली की नोंद करणं बंधनकारक आहे, हे सुप्रीम कोर्ट 2013 मध्येच सांगून मोकळं झालंय. मी हे सगळं म्हटलं. समोरच्या साहेबांनी माझ्याकडे वरपासून खालपर्यंत पाहिलं आणि विचारलं, "वकील आहे का?" मी म्हटलं, झेरॉक्स काढतो. ते म्हणाले, "मग झेरॉक्सच काढा."

तिसऱ्या ठाण्यात पहाटे दोनला नोंद झाली, पण एनसी म्हणून, म्हणजे अदखलपात्र. चाकूची जखम म्हणजे धोकादायक हत्यारानं केलेली दुखापत, भारतीय न्याय संहितेचं कलम 118, दखलपात्र. कागदावर मात्र 115 पडलं. एखाद्यानं एखाद्याला थापड मारली असेल तर जे लावतात ते. "सकाळी ठाणेदार साहेब येतील, मग पाहू." मांडीला सात टाके होते.

पुढचा सल्ला लहान आहे. दवाखान्यात कोणाला नेण्याआधी त्याला गाडीनं उडवलंय की कोणी भोसकलंय, एवढं विचारून घ्या. अपघातातल्या जखमीला नेणाऱ्याला मोटार वाहन कायद्याचं कलम 134अ सांभाळून घेतं, 2019 ची दुरुस्ती आहे. चाकू लागलेल्याला नेणाऱ्यानं आपलं आपण सांभाळावं.

व्हिडिओ काढताना मोबाइल आडवा धरा.

जखमी कोण, कुठला, हेही लवकर विचारा. तो नाल्यापलीकडच्या वस्तीतला निघाला की अर्धं ओझं उतरतं. "त्या लोकांचं हेच चालते" एवढं म्हणायचं आणि दात कोरायचे. तो धरमपेठेतला निघाला तर मात्र मेणबत्त्यांची सोय करून ठेवा. आमचं पोरगं वस्तीतलं निघालं. मारणारा दोन गल्ल्या सोडून आमच्याच लेआउटमधला, तीन मजली घरातला. ही माहिती कोणालाच आवडली नाही, म्हणून ती लगेच खोटी ठरली.

जरा शिकलेले असाल तर दोष इतिहासाला द्या. हा प्रकार फार प्रतिष्ठेचा आहे. म्हणायचं की एम्प्रेस मिल गेली आणि शहर बिघडलं. म्हणणं तसं खोटं नाही. जमशेटजी टाटांनी 1877 मध्ये काढलेली मिल 2002 मध्ये कायमची बंद झाली. माझे वडील तिथे विणाई खात्यात होते. भोंगा बंद झाल्यावर ते सहा महिने रोज त्याच वेळी डबा घेऊन घराबाहेर पडायचे आणि सीताबर्डीत हिंडून परत यायचे. माझं दुकान त्यांच्या मिळालेल्या पैशातून उभं राहिलं. ज्यांना हा मुद्दा फार आवडतो त्यांना एक सांगतो, वडिलांनी कोणाला चाकू मारला नाही. त्यांच्या खात्यातल्या ज्या माणसांना मी ओळखत होतो, त्यांच्यापैकीही कोणी मारला नाही. आणि आमचा हा जो मारणारा आहे, त्याच्या बापाच्या चार गाड्या भाड्यानं चालतात.

राजकारण आवडत असेल तर मग मजाच आहे. आपल्या जिल्ह्यावर गृहखात्याची विशेष माया. 2014 ते 2019 मुख्यमंत्री फडणवीसांकडेच गृह. नंतर काटोलचे अनिल देशमुख. 2021-22 मधलं वळसे पाटलांचं वर्ष-सव्वा वर्ष सोडलं, तर पुन्हा फडणवीस, आणि डिसेंबर 2024 पासून मुख्यमंत्रीही तेच, गृहमंत्रीही तेच. त्यामुळे तुम्ही कोणत्याही पक्षाचे असा, शिव्या घालायला माणूस दूर शोधावा लागत नाही. यांचे लोक त्यांच्या काळातले आकडे काढतात, त्यांचे लोक यांच्या. डिसेंबरात अधिवेशन भरलं की विधान भवनात सगळे मिळून एकदा नागपूरला 'क्राईम कॅपिटल' म्हणतात, संत्रा बर्फी घेतात आणि मुंबईला जातात. तेवढे दिवस बाहेरगावाहून आलेला बंदोबस्त चौकाचौकात उभा असतो. पानठेले नऊला बंद होतात. म्हणजे करता येतं.

कॅमेरा लावू नका. लावलाच तर तो स्वतःच्या गल्ल्याकडे फिरवून ठेवा. माझा बाहेर होता. दुसऱ्या दिवशी पोलिसांच्या डीबी पथकातले, म्हणजे गुन्हे शोधणारे, दोघं आले आणि माझा डीव्हीआर, म्हणजे कॅमेऱ्याचं चित्रण साठवणारा डबा, घेऊन गेले. कागदावर लिहिलं, 'एक काळ्या रंगाचा डबा, वायरसह.' तो डबा साडेआठ हजारांचा आहे. महिना झाला, चार चकरा झाल्या, डबा कोणत्या ठाण्यात आहे यावरही आता हद्दीचा वाद आहे. लेआउटच्या मीटिंगमध्ये मात्र विषय दुसराच निघाला. तुमच्या कॅमेऱ्यामुळे गल्लीत पोलीस येऊन राहिले, प्लॉटचे भाव पडतील, असं एक निवृत्त गृहस्थ मला म्हणाले. ते त्या रात्री ठेल्यावर होते. डब्यात दिसतात ते. हातात खर्रा, तोंड दुसरीकडे.

मारबत विसरू नका. ही तर आपली खास सोय. दीडशे वर्षं होत आली, तान्ह्या पोळ्याला आपण काळी-पिवळी मारबत, म्हणजे मोठाले पुतळे, मिरवत काढतो, मागे बडगे, म्हणजे पुरुषांचे पुतळे, नाचवतो आणि ओरडतो, "ईडा, पिडा, रोगराई घेऊन जा गे मारबत!" यंदाही इतवारीत गेलो होतो. एका बडग्याच्या गळ्यात 'वाढती गुन्हेगारी' अशी पाटी होती. पोट्टे त्याच्यासमोर डीजेवर नाचत होते. त्या नाचणाऱ्यांत आपले हे चाकूवाले वीर पुढे. तेव्हा जामिनावर होते म्हणावं, तर अटकच झालेली नव्हती. बडगा जाळला. सगळ्यांना मोकळं मोकळं वाटलं. मलाही वाटलं असतं, पण माझ्या पायरीच्या फटीत अजून काळं दिसत होतं. फरशीच्या सांध्यातलं रक्त निघत नाही, ॲसिडनंही नाही. सांगून ठेवतो, कामात येईल.

वाढदिवसाचं सांगायचं राहिलं. जूनमध्ये याच वीराचा वाढदिवस झाला. चौकात फ्लेक्स. मधे हे गॉगल लावून, खाली शुभेच्छुकांचे चाळीस फोटो. रस्त्यात टेबल टाकून तलवारीनं केक कापला. नऊ इंचांहून लांब पातं परवान्याशिवाय बाळगायचं नाही, हे शस्त्र कायद्याच्या नियमांत आहे, पण केक मोठा असेल तर काय करणार? त्या फ्लेक्सचा मजकूर कुठे टाइप झाला विचारा. माझ्या दुकानात. 'युवकांचे आशास्थान' हे शब्द मीच सुचवले, आधी त्यांनी 'धडाकेबाज' एवढंच लिहून आणलं होतं. तीनशे रुपये घेतले. सुटे नव्हते म्हणून वीस सोडले.

तर आता पुरे झाला हा उपरोध. मला तो जमतही नाही.

त्या रात्री ठेल्यावर अकरा माणसं होती. मी मोजली आहेत, डबा जायच्या आधी तीनदा बघितलंय. सहा जणांनी मोबाइल काढला. एकानं ठेल्याचा बल्ब विझवला. हात धरायला एकही पुढे आला नाही, आणि चाकू निघायच्या आधी ती दोघं चांगली अर्धा मिनिट नुसती एकमेकांसमोर उभी होती. अर्ध्या मिनिटात "ए, घरी जा बे" एवढं म्हणता येतं. तुम्ही ज्याला लहानपणापासून ओळखता, ज्याच्या केकचा तुकडा खाल्ला, त्याला म्हणता येत नव्हतं? आणि मी? मी शटर अर्ध्यावरून आणखी एक फूट खाली ओढलं होतं. तेही डब्यात आहे. पोरगं पायरीवर आलं म्हणून मी बाहेर आलो. दुसऱ्याच्या पायरीवर गेलं असतं तर बहुतेक आलो नसतो.

पोलीस चुकले, हो, चुकलेच. त्यांची ती हद्दीची नाटकं मी वर लिहिली आणि गरज पडली तर कोर्टातही सांगीन. पण पहाटे त्या तिसऱ्या ठाण्यातला हवालदार मला एक बोलला, ते खोटं कसं म्हणू? "काका, 118 लावतो मी. चार साक्षीदार आणा. आणता?" मी चौघांची नावं सांगितली. सकाळी त्यानं चौघांना फोन लावला. चौघंही त्या रात्री गावाला गेलेले होते.

2004 च्या ऑगस्टमध्ये याच शहरातल्या जिल्हा न्यायालयात कस्तुरबा नगरच्या बायांनी वस्तीला छळणाऱ्या अक्कू यादव या गुंडाला संपवलं, ते आपण अजून फुशारकीनं सांगतो. वर्षानुवर्षं आमचं कोणी ऐकलं नाही, असं त्या बाया तेव्हापासून सांगत आल्या. तो भाग सांगताना मात्र आपला आवाज बारीक होतो. ऐकलं नाही म्हणजे फक्त ठाण्यात ऐकलं नाही काय? शेजारी कोण राहत होतं त्यांच्या? आपणच न?

अकरा जणांनो, तुम्ही वाचून राहिले आहात हे मला माहीत आहे. तुमच्यापैकी निम्मे माझे गिऱ्हाईक आहेत. पोरांच्या शाळेचे दाखले, सातबारा, पेन्शनचे हयातीचे फॉर्म, सगळं माझ्याकडून नेता. तुमच्या नावापुढे काय लिहायचं, हे मला तुमच्यापेक्षा चांगलं माहीत आहे. लाज वाटू द्या थोडी. परवा त्या पोराची आई आली होती, डिस्चार्ज कार्डाच्या दोन प्रती काढायला. औषधाच्या दुकानानं त्याला कामावरून काढलं, पायानं उभं राहता येत नाही म्हणून. तिनं चार रुपये काउंटरवर ठेवले आणि विचारलं, "भाऊ, साक्षीत अजून कोणाचं नाव हाय का?"

नाही. माझं एकट्याचंच आहे.

जबाब द्यायला आधार कार्डाची प्रत लागते. दुकान सकाळी दहाला उघडतं, मधे जेवायला बंद नसतं. या कामासाठी येईल त्याची झेरॉक्स मी फुकट काढून देईन.