‘बुडबुडे दिसले की गॅस्केट गेलं’: एका प्रतिक्रियेला लांबलेलं उत्तर

‘एक जुना मिस्त्री’ अशी सही करून आलेली प्रतिक्रिया काल रात्री वाचली. झोपून उठल्यावर राग उतरेल असं वाटलं होतं, म्हणून सकाळी पुन्हा वाचली. उतरला नाही. तेव्हा आता लिहूनच टाकतो.

ज्यांनी मूळ लेख वाचला नसेल त्यांच्यासाठी: हेड गॅस्केट (इंजिनचा ब्लॉक आणि त्याच्या वरचा भाग, म्हणजे हेड, यांच्यामधलं सील) गळतंय अशी शंका आली तर हेड खोलण्याआधी काय काय तपासून बघावं, एवढाच त्याचा विषय होता. त्यावर या गृहस्थांचं म्हणणं असं. एक, रेडिएटरमध्ये बुडबुडे दिसले की गॅस्केट गेलं, त्यात तपासायचं काय. दोन, कॉम्प्रेशन घेतलं (सिलिंडरमधला दाब गेजने मोजला) की निकाल लागतो, बाकी सगळा पसारा. तीन, कूलंटमध्ये जळालेला वायू आलाय का हे रंग बदलून दाखवणाऱ्या द्रावणाबद्दल मी डिझेलच्या बाबतीत चुकीचं लिहिलं. चार, तापणारी गाडी चालू ठेवून चाचण्या करायला लावतो, त्यात लोकांची हेडं वाकतील. आणि पाच, जो मुद्दाच नाही: ‘असले लेख कीबोर्ड मिस्त्री लिहितात, ज्यांनी हात काळे केलेत त्यांना दोन मिनिटांत कळतं.’

‘अहो लेखक महाशय!!!’ अशी सुरुवात आहे. उद्गारचिन्हं तीन. मतभेद मला चालतात, इथे ते नेहमी होतात आणि मी त्यांना उत्तरंही देतो. पण समोरच्याला आधी ‘महाशय’ म्हणायचं आणि तीन ओळींनंतर त्याने आयुष्यात पाना धरला नसल्याचं जाहीर करायचं, ही बोलायची पद्धत नव्हे. तुम्ही मला पाहिलेलं नाही. माझी नखं तर नाहीच पाहिलीत.

पहिल्यांदा तिसरा मुद्दा, कारण तिथे तुमचं बरोबर आहे. ते निळं द्रावण म्हणजे ब्रोमोथायमॉल ब्लू. कूलंटच्या वरची हवा त्यातून ओढली आणि तिच्यात कार्बन डायऑक्साइड असला की द्रावण आम्लधर्मी होऊन पिवळं पडतं. पेट्रोल इंजिनच्या धुरात हा वायू १३-१४ टक्क्यांच्या घरात असतो, त्यामुळे रंग चटकन पालटतो. डिझेल आयडलवर (रेस न देता) भरमसाट हवा घेऊन जळतं, तिथे तो दोन-चार टक्केच निघतो आणि द्रावण बराच वेळ हिरवट राहून बसतं. मी दोन्हींना सरसकट ‘पिवळं’ लिहिलं. ती चूक, दुरुस्त केली. मात्र ‘लेखकाला डिझेल आणि पेट्रोलमधला फरक माहीत नाही’ हा तुम्ही त्यावरून काढलेला निष्कर्ष तुमच्याजवळच ठेवा.

आता बुडबुडे.

‘बुडबुडे दिसले की गॅस्केट गेलं, एवढं साधं आहे’ हे तुमचं वाक्य मी मुद्दाम जसंच्या तसं देतोय, कारण या एका वाक्यापायी मी स्वतः एक चांगलं हेड उघडलेलं आहे. बुडबुडा म्हणजे पाण्यात कुठला तरी वायू आहे. कुठला, आणि आला कुठून, हे बुडबुडा सांगत नाही. कूलंट बदलल्यावर हवा नीट काढली नसेल तर बुडबुडे येतात. पंपाच्या ओढणाऱ्या बाजूचा होज सैल असेल तर पंप हवा ओढतो आणि तीच वर येते. रेडिएटरची कॅप दाब धरत नसेल तर ब्लॉकमधल्या सगळ्यात गरम जागी कूलंट उकळतं, ते वाफेचे बुडबुडे. निम्मं पाणी, निम्मं ग्लायकॉल असं मिश्रण उघड्यावर साधारण १०७ अंशांना उकळतं. १५ पीएसआयची कॅप धड असेल तर तेच १२९ अंशांच्या आसपास जातं. म्हणजे कॅपची स्प्रिंग मेली की वीसेक अंशांची सवलत गेली. गाडी तापते, जादा कूलंटची बाटली उकळते, बुडबुडे येतात, आणि गॅस्केट बिचारं जागच्या जागी शाबूत.

मी एकोणीस वर्षांचा होतो, मामांच्या गॅरेजमध्ये त्यांच्या हाताखाली. चार सिलिंडरची पेट्रोल गाडी आली. तक्रार: कूलंट कमी होतं, बाहेर थेंब दिसत नाही, आणि सकाळी कॅप काढून चालू केली की बुडबुडे. मामांनी वाकून बघितलं आणि म्हणाले, उघड. तुमची दोन मिनिटंही लागली नाहीत. मॅनिफोल्ड सोडलं, टायमिंग सोडलं, रात्री अकराला हेड बाहेर. गॅस्केटवरच्या सिलिंडरभोवतीच्या कड्या चकचकीत. दोन सिलिंडरांमध्ये काजळीचा माग नाही, पाण्याच्या भोकाकडे गेलेली काळी रेघ नाही. हेडवर पट्टी ठेवून फिलर गेज घातलं तर ०.०५ मिलिमीटरचं पातंही कुठे शिरेना. खोललंच आहे म्हणून नवीन गॅस्केट, नवीन बोल्ट घालून जोडलं. तिसऱ्या दिवशी गाडी परत. बुडबुडे तेच.

दोष होता रेडिएटरच्या मानेपासून बाटलीकडे जाणाऱ्या बारक्या नळीत. क्लिपच्या खाली नखाएवढी चीर. इंजिन तापलं की कूलंट फुगून बाटलीत जायचं. रात्री थंड होताना ते परत ओढलं जायला हवं, पण चिरेतून हवा ओढणं सोपं, म्हणून हवा आत यायची. बाटली भरलेली, रेडिएटर रिकामा, आणि सकाळी बुडबुडे. बाटलीची पातळी चढते पण उतरत नाही, एवढं कोणी दोन दिवस बघितलं असतं तर संपलं होतं. मामांनी गिऱ्हाइकाकडून दमडी घेतली नाही आणि माझ्याशी दोन दिवस बोलले नाहीत, जणू ‘उघड’ मी म्हणालो होतो!

तेव्हा हात काळे करण्याबद्दल मला सांगू नका. काळे केले होते, फुकट.

बुडबुड्यांकडे बघूच नये असं माझं म्हणणं नाही, आणि तुम्ही लेख शेवटपर्यंत वाचला असता तर तुम्हालाही ते दिसलं असतं. बघायचे कसे, हा प्रश्न आहे. गाडी रात्रभर उभी ठेवायची. सकाळी पूर्ण थंड असताना कॅप काढायची, कूलंट मानेपर्यंत भरायचं, मग चालू करायची. पहिल्या मिनिटात ब्लॉक गरमही झालेला नसतो, म्हणजे वाफ आणि उकळी हे दोन संशयित आपोआप सुटले. राहिली अडकलेली हवा. ती दोन-चार ढेकर देऊन थांबते. जळालेला वायू थांबत नाही, रेस दिली की वाढतो. पंप हवा ओढतोय का हे बघायला जुने लोक पंपाचा बेल्ट उतरवून थंड इंजिन मिनिटभराच्या आतच चालवून बघत. पंप थांबलेला असतानाही बुडबुडे आले तर पंपावरचा आळ गेला. (ज्या इंजिनात पंप टायमिंग बेल्टवर चालतो तिथे हा उद्योग करू नका, हे वेगळं सांगायला नको. तरी सांगतो, कारण उद्या तेही माझ्याच माथी येईल.) एवढं झाल्यावर द्रावण. कूलंटची पातळी थोडी उतरवून घ्यायची, नाहीतर नळीत कूलंट ओढलं जाऊन द्रावण खराब होतं आणि मग रंगाला काही अर्थ राहत नाही. द्रावण जिवंत आहे की मेलेलं, हे आधी सायलेन्सरजवळची हवा ओढून बघून घ्यावं.

आणि द्रावण पिवळं झालं तरी ‘गॅस्केट’ असं ते म्हणत नाही. ज्वलनाचा वायू कूलंटमध्ये आलाय, एवढंच म्हणतं. हेडला चीर असेल तरी तोच रंग. डिझेलमध्ये ईजीआर कूलर (इंजिनात परत सोडायचा धूर कूलंटने थंड करणारा भाग) फुटला असेल तर धूर तिथूनही कूलंटमध्ये शिरू शकतो, उलट कूलंट सायलेन्सरकडे जाऊन पांढरा धूरही निघतो, आणि लोक हेड उतरवून बसतात. तो कूलर बाहेरच्या बाहेर तपासता येतो. तुमच्या दोन मिनिटांत हे बसतं का?

कॉम्प्रेशनबद्दल फार लिहीत नाही. आमच्या वडिलांच्या गाडीत चारही सिलिंडरांचं कॉम्प्रेशन उत्तम होतं, रेडिएटरमध्ये एक बुडबुडा नव्हता, आणि गॅस्केट गेलेलं होतं. महिन्याला थोडं थोडं कूलंट कमी व्हायचं आणि सकाळी पहिली काही सेकंदं गाडी मिसिंग मारायची. थंड इंजिनवर हातपंप लावून कॅपवर लिहिलेल्या दाबापर्यंत दाब भरला, रात्रभर ठेवला. सकाळी काटा उतरलेला. प्लग काढून आत बॅटरी मारली तर तीन पिस्टन काळे आणि दुसऱ्याचा माथा धुतल्यासारखा स्वच्छ, वर ओला. प्लग बाहेर ठेवूनच स्टार्टर फिरवला तेव्हा भोकातून फवारा उडाला. (प्लग लावून फिरवला असता आणि आत जास्त साचलेलं असतं, तर कनेक्टिंग रॉड वाकला असता. पाणी दाबलं जात नाही.) शेजारशेजारच्या दोन सिलिंडरांचं कॉम्प्रेशन सोबतच पडलं तर मधली कडी गेली, इथे तुमचा गेज खरा राजा. बाकी वेळी तो गप्प बसतो. लीक-डाउनबद्दल (सिलिंडरमध्ये हवा भरून ती कुठून गळते हे बघायची चाचणी) मूळ लेखात तीन परिच्छेद आहेत, इथे पुन्हा उतरवत नाही.

ऑइल भरायच्या झाकणाखालच्या पांढऱ्या सायीबद्दलही तुम्ही जाता जाता काहीतरी म्हटलंय. जवळच्या जवळ चालणाऱ्या, कधी पुरत्या न तापणाऱ्या गाडीत ती साय नुसत्या दमटपणानेही धरते. डिपस्टिक (ऑइलची पातळी बघायची पट्टी) बघा. पुढे.

चौथा मुद्दा: चाचण्यांच्या नादात हेड वाकेल. अहो, थंड इंजिनाची चाचणी, दाबाची चाचणी, प्लग काढून बघणं, यातलं काहीही तापलेल्या इंजिनावर होत नाही. द्रावणाला तेवढं गरम इंजिन लागतं. आणि ‘तापमानाचा काटा मधल्या खुणेच्या वर सरकला की त्याच क्षणी बंद करा, गरम असताना कॅपला हात लावू नका’ हे वाक्य लेखात आहे. सातव्या परिच्छेदात. वाचणाऱ्याला सापडतं.

तीस वर्षांचा अनुभव आहे म्हणता, असेल. तीस वर्षांत बुडबुडे बघून उघडलेल्या किती हेडांखाली गॅस्केट धड निघालं, याचा आकडा मात्र प्रतिक्रियेत दिसला नाही. धड निघालं तरी नवीन घालूनच बंद करायचं असतं, मग गिऱ्हाइकाला कळणार कसं? हे जरा लागेल, मला कल्पना आहे. ‘कीबोर्ड मिस्त्री’ही लागलं होतं.

पुढे चर्चा करायची असेल तर करू, पण गाडी कुठली, थंडीत बुडबुडे होते की गरम झाल्यावर, आणि कॅप तपासली होती का, हे लिहून. उद्गारचिन्ह एक पुरे.

ता. क. काट्याचं ते वाक्य मी आज सकाळी सातव्या परिच्छेदातून उचलून लेखाच्या पहिल्याच ओळीत नेलं आहे. बरेच दिवस न्यायचंच होतं.