आई, तो फॉरवर्ड पुढे पाठवू नकोस

भावाला लिस्बनमध्ये मुलगी झाली. बारसं परवा, व्हिडिओ कॉलवर. नाव ठेवायचा मान आत्याचा, म्हणजे माझा. आणि नेमकं आत्ताच आईने मला 'पोर्तुगीज बाळांची 50 गोंडस नावे व अर्थ' पाठवलंय. आमच्या तीन ग्रुपवर ते आधीच फिरून झालं होतं. खाली लाल अक्षरांत इशारा: 'पोर्तुगालमध्ये सरकारी यादीतलंच नाव ठेवावं लागतं. भारतीय नाव नोंदवून घेत नाहीत.' आई दोन रात्री झोपलेली नाही.

आधी इशाऱ्याचं बघू, कारण बाकीची यादी नुसती हसण्यावारी नेता आली असती. यात अर्धं खरं आहे, हे नाइलाजाने मान्य करते. पोर्तुगालचा नावांचा कायदा कडक आहे. नोंदणी खातं खरोखरच नावांची एक लांबलचक यादी काढतं. पूर्ण नावात जास्तीत जास्त सहा शब्द: दोन बाळाचे, चार आडनावांचे. पण हे ज्या नागरी नोंदणी संहितेत आहे, तिच्याच 103व्या कलमात पुढे स्वच्छ लिहिलंय की आईवडिलांपैकी एक जरी परदेशी असेल, तर परदेशी नाव मूळ रूपात चालतं. भाऊ आणि वहिनी दोघांचेही पासपोर्ट भारतीय. विषय संपला. शब्दकोश शेजारी ठेवून मी ते कलम दोनदा वाचलं, भावाने तिकडे स्वतंत्रपणे वाचलं. फॉरवर्ड लिहिणाऱ्याने पहिलं वाक्य वाचून पान मिटलेलं दिसतंय.

आता यादी. सातवं नाव: 'दोरेस – सोनेरी, सुवर्णासमान.' आईला हेच आवडलं होतं! कुणीतरी फ्रेंचमधलं 'दॉर' म्हणजे सोन्याचं, ते उचललं आणि इथे चिकटवलं. पोर्तुगीजमध्ये दोरेस म्हणजे वेदना. एक नव्हे, अनेक. डोकेदुखी, दाढदुखी, बाळंतपणाच्या कळा, सगळ्यांना हाच शब्द. आमची वहिनी नुकतीच ज्यातून सुटली तेच नाव पोरीला ठेवायचं? नाव म्हणून ते आहे, नाही असं नाही. पूर्ण रूप 'मारिया दास दोरेस', म्हणजे दुःखी माता मारिया, येशूची आई. मुलासाठी सोसणाऱ्या आईच्या भक्तीतून ते आलं. आपल्याकडे मुलं जगत नसली की पुढच्याला धोंडू, दगडू म्हणायचे. त्या धोंडूचा अर्थ शब्दकोशात बघायचा नसतो, घरात काय घडलं होतं ते विचारायचं असतं. दोरेसचंही तसंच. पण 'सोनेरी' कुठून आणलं बाबा?

'फातिमा – मूळ पोर्तुगीज नाव, अर्थ तारा.' नाव अरबी आहे, पैगंबरांच्या मुलीचं. पोर्तुगालात ते एका गावाचं नाव होतं. त्या गावात 1917 साली मेंढ्या राखणाऱ्या तीन मुलांनी मारियाचं दर्शन झाल्याचं सांगितलं, तीर्थक्षेत्र झालं, आणि कॅथलिक घरांतून मुलींना ते नाव पडू लागलं. ही गोष्ट यादीतल्या सगळ्या अर्थांपेक्षा सुंदर आहे, आणि यादीत नेमकी हीच नाही.

'टियागो – वाघ.' इंग्रजी टायगरशी आवाज जुळला म्हणून? मग टाटांची टियागो गाडी वाघच म्हणायची. मूळ 'सांत इयागो', म्हणजे संत याकोब. बोलता बोलता संतातला 'त' नावाला चिकटला.

'सर्व नावे शुद्ध लॅटिन.' फर्नांडो, रॉड्रिगो, अफोन्सो ही जर्मानिक टोळ्यांबरोबर आलेली. जोआंव आणि मारिया हिब्रूतून. पुढे चला.

मुलींच्या नावांत 'फर्नांडिस – धाडसी' आहे. मी वसईत राहते हो. चिमाजी अप्पांनी 1739 साली पोर्तुगीजांकडून किल्ला घेतला, पण ही आडनावं इथेच आहेत. फर्नांडिस म्हणजे फर्नांडोचा मुलगा. मुलीला हे ठेवायचं? पेरेरा म्हणजे नासपतीचं झाड, तेही आडनावच. आणि 'पिंटो – रंगीबेरंगी' हे वाचून गल्लीतल्या सगळ्या पिंट्यांना बरं वाटेल, पण पोर्तुगीजमध्ये पिंटो म्हणजे कोंबडीचं पिल्लू. ब्राझीलच्या बोलीत त्याचा आणखी काय अर्थ होतो, ते आईही हे वाचणार आहे म्हणून लिहीत नाही.

इनेस म्हणजे शुद्ध, बेआत्रीझ म्हणजे आनंद देणारी, हे त्यांनी बरोबर दिलंय. घ्या.

खरं तर तिकडे राहणाऱ्या मराठी आईबापांना उलटी यादी हवी: आपलं नाव तिथे कसं ऐकू येतं? पोर्तुगीजमध्ये 'ह' लिहितात पण उच्चारत नाहीत, त्यामुळे हर्षदाची अर्षदा होते. तारा माझ्या मनात होतं. भावाने सांगितलं, तिथे 'तारा' म्हणजे तराजूवर आपण करतो तो धडा, रिकाम्या बरणीचं वजन. शिवाय बोलण्यात त्याचा अर्थ विकृती असाही होतो. तारा बाद.

मग उरलं आजीचं नाव, उमा. तेही भावाने तपासलं. पोर्तुगीजमध्ये 'उमा' म्हणजे 'एक', स्त्रीलिंगी. उमा कासा, एक घर. रोज शंभरदा कानावर पडणारा शब्द, म्हणून तो जरा बिचकला होता. मी आईला फोनवर हे सांगितलं. ती क्षणभर गप्प राहिली, मग म्हणाली, "बरोबरच आहे की. आपल्याकडे सध्या एकच आहे."